मरांट्याचं बारसं

पाटणकर सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, आणि मग कुंडीसमोर चक्क मांडी घालून बसले. दिवेलागणीची वेळ होती. गॅलरीतले माझे मरांटे रोजच्यासारखी पानं उभी करायला लागले होते, आणि हे नवं रोपही त्यांच्याबरोबर आपली काळपट पानं हळूहळू जोडत होतं.

“शैलजाताई, हे वेगळं आहे,” ते म्हणाले. “याचं बारसं करावं लागणार.”

मी म्हटलं, असले पोरखेळ मला जमणार नाहीत. चहा घ्या आणि प्रदर्शनातल्या कार्डावर काय लिहायचं तेवढं सांगा.

पाटणकर सर आमच्या बागप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर झाडांच्या मागे लागले. नाशिकात मंडळाचं प्रदर्शन दर माघात भरायचं, आणि कुणाच्या घरी एखाद्या झाडाची नवी जात निपजली, तर तिचं तिथे बारसं व्हायचं. म्हणजे अगदी साग्रसंगीत. फुलांनी मढवलेला पाळणा, त्यात कुंडी, कुंडीला कुंची, बायकांचा घोळका आणि वर घुगऱ्या. ज्याचं रोप त्याची बहीण, किंवा रोप बाईचं असेल तर तिची नणंद, ती आत्या. आत्यानं पानाशी वाकून आधी ‘कुर्रर्र’ करायचं, नाव सांगायचं, मग बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे आणि मग तिनं तेच नाव माइकवर मोठ्यानं म्हणायचं. तोवर ते नाव अध्यक्षांनाही कळता कामा नये. पाळण्यात ठेवलेलं नाव पुढे बदलत नाही, हा मंडळाचा नियम. मला हे सगळं पहिल्यापासून हास्यास्पद वाटायचं. एका गृहस्थांनी आपल्या जास्वंदीचं बारसं केलं तेव्हा मी तोंडावर पदर धरून हसले होते, आणि तेही पहिल्या रांगेत बसून.

नावं ठेवण्यात मी पहिल्यापासून पटाईत. नाव ठेवायची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती.

माझ्याकडे तेव्हा या कुळातली बरीच झाडं होती. मोराच्या पिसाऱ्यासारख्या पानांचं कॅलाथिया, लांब नागमोडी पानांवर ठिपके असलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं, ताटलीएवढ्या गोल पानांचं. शिवाय साधे मरांटे: एक सशाची पावलं उमटल्यासारख्या डागांचा आणि एक लाल शिरांचा. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ही झाडं जगवणं म्हणजे हौसेनं पत्करलेली बाळंतपणं. नळाचं पाणी घातलं की पानांच्या कडा करपतात, ऊन लागलं की रंग उडतो, वारा लागला की पानं गुंडाळून घेतात. मी पावसाचं पाणी पिंपात साठवायची, कुंड्यांखाली ओले खडे पसरायची आणि गॅलरीला जुन्या चादरी बांधायची. लोक म्हणत, मूल नाही म्हणून झाडांत जीव रमवते बिचारी. हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. झाडं मला लग्नाआधीपासून आवडत होती. साताऱ्याहून सासरी येताना मी लाल शिरांच्या मरांट्याची कुंडी मांडीवर घेऊन आले होते. त्याची पानं मिटली की सासूबाई देवापुढे दिवा लावत. “तुझ्या नमस्कारीनं हात जोडले गं,” असं म्हणत. त्यांच्याशी माझं फारसं जमलं नाही, पण नमस्कारी हा शब्द त्यांनी चांगला दिला.

त्याच मरांट्याला, माझे यजमान गेले त्या पावसाळ्यात, एक फुटवा निराळा आला. लाल शिरा तशाच, पण मधला हिरवा रंग जाऊन त्या जागी वांग्याच्या सालीचा काळा-जांभळा, आणि मधोमध चंदेरी पट्टा. मी तो पेराखाली कापून पाण्यात ठेवला. मुळं आली, रोप लागलं, आणि पुढची दोन पानं पुन्हा साधी हिरवी निघाली. ती काढून टाकली. पुन्हा काळ्या फुटव्याचंच पेर घेतलं. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. शेवटी एक रोप असं झालं की त्याला येईल ते पान काळंच. ते स्थिरावल्याची खात्री झाली तेव्हा मी पाटणकर सरांना बोलावलं.

ते गेल्यावर मी गॅलरीतला दिवा लावला आणि बारशाचा विचार करत बसले. मला त्यांना ठाम नाही म्हणता आलं नव्हतं, आणि ते का, हे मला माहीत होतं.

माझी मुलगी बारशाच्या आदल्या दिवशी गेली. सकाळी अंगात ताप भरला आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. पाळणा शेजारच्यांकडून आणून ठेवलेला होता, तो परत पाठवला. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते, ते सासूबाईंनी गाईला नेऊन घातले. घरात त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही. मी एकदा बोलायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, नाव ठेवलं नव्हतं तेच बरं झालं, नाव असतं तर तिचा पाय घरातून निघाला नसता. यजमान उठून बाहेर गेले. पुढे मला मूल झालं नाही.

पण नाव ठरलं होतं. सासूबाईंना देवीचं नाव हवं होतं, म्हणून आम्ही दोघांनी गुपचूप ठरवलं होतं. बारशापर्यंत ते कुणाला सांगायचं नव्हतं. फक्त आत्याला सांगावंच लागतं, तिनंच तर बाळाच्या कानात म्हणायचं असतं. म्हणून मी ते हेमाताईंना सांगितलं. हेमाताई माझ्या धाकट्या नणंदबाई, तेव्हा कॉलेजात होत्या. वयानं माझ्याहून लहान, पण नणंद म्हणून पहिल्या दिवसापासून ताई आणि अहो-जाहो. मी बाजेवर होते, त्या माझ्या तोंडाशी कान घेऊन वाकल्या, नाव ऐकलं आणि खुदकन हसल्या. “वहिनी, किती गोड,” म्हणाल्या. पुढे दोन दिवस त्या तोंडावर हात ठेवून घरात फिरत होत्या, चुकून निसटू नये म्हणून.

हे नाव मी त्यानंतर कधी उच्चारलं नाही. एकदा घरात कुणी नसताना प्रयत्न केला होता, पण घशातून आवाज निघाला नाही. सासूबाई गेल्या, यजमान गेले. आता ते नाव माहीत असलेली जगात आम्ही दोघीच होतो, मी आणि हेमाताई. आणि मला काय हवं होतं ते मी सरळच सांगते. मला ते नाव एकदा, चार माणसांत, मोठ्या आवाजात ऐकायचं होतं. पाळण्याशी वाकून आत्यानं म्हटलेलं. पाळण्यात झाड असलं तरी चालणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी इंदिरानगरला हेमाताईंकडे गेले. त्यांच्याकडे गेलं की आधी फोनवरचे फोटो बघावे लागत. त्यांना नुकतीच नात झाली होती, पुण्याला, मुलाच्या घरी. बारसंही झालं होतं आणि नाव ठेवलं होतं मायरा. या नावाचा अर्थ काय, असं मी विचारलं, तर त्यांना सांगता येईना. म्हणाल्या, इंटरनेटवर काहीतरी चांगला दिलाय. मी फोटो पाहिले. मग तेच फोटो पुन्हा पाहिले. बाळ गोड होतं, त्यात वाद नाही.

चहा झाल्यावर मी विषय काढला. नव्या मरांट्याचं सांगितलं, पाटणकर सरांचं सांगितलं आणि म्हटलं, आत्या तुम्ही व्हायचं.

त्या हसायलाच लागल्या. “वहिनी, तुम्ही? तुम्ही तर या बारशाची टिंगल करता.”

“करते. पण याचं करायचंय.”

“बरं. मग नाव काय ठरवलंय?”

माझ्या हातात कप होता, तो मी खाली ठेवला. नाव तेव्हाच सांगून टाकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण पाळण्याआधी नाव तोंडातून काढायचं नाही, हे इतकं मुरलेलं होतं, आणि दुसरं म्हणजे ते सांगण्याची गरजच काय होती? त्यांच्याच तर कानात सांगितलं होतं.

“नाव तुम्हाला माहीत आहे,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. मी खोटं सांगत नाही, खरोखर भरून आले.

“वहिनी, खरंच?”

“खरंच.”

“मला कधी वाटलं नव्हतं, तुमच्या मनात असं काही असेल म्हणून.”

“असतं मनात. बोलत नाही इतकंच.”

त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले. “दादा असता तर त्याला किती आनंद झाला असता,” म्हणाल्या. यजमानांचं नाव निघाल्यावर मला राहवेना. आम्ही दोघी तिथे सोफ्यावर बसून रडलो. आम्ही नणंद-भावजया, आमच्यात आयुष्यभर गोडवा बेताचाच. त्या दिवशी मात्र मला वाटलं, ही एवढी वर्षं ते नाव मी उगाच एकटी धरून बसले होते. हिनंही धरून ठेवलेलं होतंच की.

“आता बोलू नका,” मी डोळे पुसत म्हटलं. “एकदम पाळण्यातच.”

“छे, कुणाला म्हणजे कुणाला नाही सांगणार,” असं म्हणत त्यांनी तोंडावर हात ठेवला. अगदी तेव्हासारखा.

घरी येताना मी रिक्षावाल्याशी गप्पा मारल्या. मी कधी मारत नाही.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. मी सकाळीच कुंडी घेऊन गेले. पाटणकर सरांच्या पत्नीनं पाळणा शेवंतीनं मढवला होता. कुंचीसुद्धा होती, कुणाच्या तरी नातवाची, लाल रेशमी, जरीच्या काठाची. पूर्वी मी हसले असते. त्या दिवशी मीच ती कुंडीला बांधली, आणि बंद फार आवळून पान मोडू नये म्हणून पुन्हा सोडून बांधली. साडी कुठली नेसावी यावर मी आदल्या दिवशी कितीतरी वेळ घालवला होता. शेवटी हिरवी नेसले. वयाला शोभत नव्हती, पण बारशाला हिरवीच असते.

हेमाताई पैठणी नेसून, नाकात नथ घालून आल्या. कुणी म्हणालंसुद्धा, अहो, झाडाचं बारसं आहे की खरं? त्या म्हणाल्या, माझ्यासाठी खरंच आहे. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पुढे होऊन त्यांची नथ नीट केली.

बायका जमल्या. पाळणा म्हटला गेला, कुंडी पाळण्याखालून वर आणि वरून खाली फिरवताना थोडी माती एकीच्या शालूवर सांडली, तिनं ती हसत झटकली. पाटणकर सर पांढऱ्या रंगाचं पेन आणि कोरी पाटी घेऊन बाजूला उभे होते. हेमाताई पाळण्याशी वाकल्या. त्यांचे ओठ त्या काळ्या पानाला जवळजवळ टेकले होते. मला तिथून काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मी कान देऊन होते. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. हेमाताई हसत, नथ सावरत सरळ झाल्या आणि त्यांनी माइक हातात घेतला.

शर्वरी. हे नाव होतं. मी शर्वरी ऐकायला उभी होते.

“मायरा,” हेमाताई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. मला पहिल्यांदा वाटलं, माइकमध्ये काही बिघडलंय. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि पुढे सगळ्यांना सांगितलं की ही माझ्या नातीची भेट आहे, माझ्या वहिनींनी स्वतः मोठ्या मनानं दिलेली. शेजारच्या बाईनं माझा दंड दाबला आणि म्हणाली, किती मोठं मन तुमचं.

मी पुढे झाले. “सर, एक मिनिट,” मी पाटणकर सरांना म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. “हो, तेच विचारणार होतो. खाली इंग्रजीतही लिहायचंय. वाय की आय?”

मागून हेमाताईंनी उत्तर दिलं, वाय. ते पाटीवर वाकले आणि भूगोलाच्या नकाशावर लिहावं तशा सुबक अक्षरांत त्यांनी नाव लिहिलं. तेवढ्यात हेमाताईंनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्यात पुण्याहून मुलगा, सून आणि सुनेच्या कडेवर बाळ. त्यांनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं. “बघ मायरा, ही आजी. हिनं तुझ्या नावाचं झाड केलं,” असं सून बाळाला सांगत होती, आणि बाळ आपली मूठ चोखत होतं. सून चांगली मुलगी आहे. तिनं मला थँक्यू म्हटलं आणि तिलाही रडू आलं. आता त्या चिमुरडीसमोर मी काय म्हणणार होते? हे नाव काढा म्हणणार होते?

मी बाळाला हात हलवून टाटा केला.

रोपाला पहिला नंबर मिळाला. पाटणकर सरांनी त्याचे फुटवे मागून घेतले, ते एका नर्सरीवाल्याला दिले आणि त्यानं ते पुढे नेले. आज कुणाच्याही घरी काळ्या पानांचा मरांटा दिसला की घरची बाई मला कौतुकानं सांगते, ही मायरा. मी म्हणते, हो का.

त्या दिवशी कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही दोघी फाटकापाशी रिक्षाची वाट बघत थांबलो. हेमाताईंच्या हातात उरलेल्या घुगऱ्यांचा डबा होता. त्या अजून आनंदातच होत्या. मायराच्या पहिल्या वाढदिवसाला या झाडाचं एक रोप पुण्याला न्यायचं, त्याला कुंडी कुठली घ्यायची, हे त्यांचं चाललं होतं. मी बराच वेळ ऐकलं. मला अजून एक आशा होती. वाटत होतं, त्यांनी गोंधळ केला असेल, नातीच्या नादात पटकन तेच सुचलं असेल, पण ते नाव त्यांच्याजवळ असेल. कुठेतरी खाली असेल. ते तेवढं असलं तरी पुष्कळ होतं.

“हेमाताई,” मी म्हटलं, “माझ्या मुलीचं काय नाव ठरलं होतं?”

“कुठल्या मुलीचं?”

हे त्या सहज बोलून गेल्या. मग त्यांना आठवलं. चेहरा बदलला, डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. “अगंबाई. ती होय. पण वहिनी, तिचं नाव ठेवलंच कुठे होतं? बारशाआधीच गेली ना ती.”

“ठरलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं. कानात.”

“मला?” त्या खरोखर आठवायला लागल्या. कपाळाला आठ्या घालून रस्त्याकडे बघत राहिल्या. ते बघवत नव्हतं. “सांगितलं असेल. किती वर्षं झाली हो, आणि मी तेव्हा केवढी होते. मला फक्त आईनं हरभरे गाईला घातलेले आठवतात. गाय खात नव्हती.”

हे मला माहीत नव्हतं.

रिक्षा आली. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं, मग माझ्या शेजारी बसून साडीचा घोळ आवरला आणि हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं. माणूस वाईट नाही हो, मी आजही म्हणते.

“काय होतं वहिनी नाव?” त्यांनी विचारलं.

ते माझ्या ओठांवर होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते मागत होतं, आणि घसाही मोकळा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, वहिनी, किती गोड. आणि इंदिरानगर येईपर्यंत विसरल्या असत्या.

“मलाही आठवत नाही,” मी म्हटलं.

“बघा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी माझा गुडघा थोपटला. “मग बरोबर आहे. नव्हतंच ठरलेलं.”